नगर जिल्ह्यातील लघुव्यवसाय आणि दारिद्र्यनिवारण : हातमाग, विडी व दूध व्यवसायांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

लघुव्यवसायांमुळे थोड्या भांडवलात अधिक रोजगार निर्माण होतो, उत्पन्नाचे विकेंद्रीकरण होते आणि त्यायोगे दारिद्र्य कमी होते, असे विधान अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत व शासकीय अहवालांत वारंवार आढळते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पूर्वतयारीसाठी १९५५ मध्ये प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ग्राम व लघुउद्योग समितीने याच भूमिकेतून ग्रामीण व लघुउद्योगांना संरक्षण देण्याची शिफारस केली. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम आणि २०२३ मध्ये सुरू झालेली पारंपरिक कारागिरांसाठीची पंतप्रधान विश्वकर्मा योजना यांच्या मुळाशीही हाच विचार आहे.

या विचारात रोजगार मिळणे आणि दारिद्र्य कमी होणे या दोन गोष्टी बहुधा एकच मानल्या जातात. इतिहासाच्या कसोटीवर मात्र त्या नेहमी एकत्र आलेल्या दिसत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजेच २०२४ मध्ये नामांतर होण्यापूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा, गेल्या दोनशे वर्षांचा अनुभव या दृष्टीने विशेष बोलका आहे. या जिल्ह्यात हातमागाने हजारो हातांना काम दिले, पण विणकर कर्जातच राहिला. विडीने हजारो स्त्रियांना घरबसल्या मजुरी दिली, पण त्या मजुरीने घर उभे राहिले नाही. याच जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि दुधाच्या जोडधंद्याने काही गावांचे रूप पालटले. एकाच दुष्काळी भूमीत लघुव्यवसायांची फलनिष्पत्ती इतकी भिन्न का झाली, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात ‘नगर जिल्हा’ हे रूढ नाव सोयीसाठी वापरले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नगर जिल्ह्यातील हातमाग, विडी व दूध या तीन लघुव्यवसायांच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या व्यवसायांतील पत, कच्चा माल व बाजारपेठ यांवर कोणाचे नियंत्रण होते, हे तपासणे.
३) लघुव्यवसाय कोणत्या परिस्थितीत दारिद्र्य कमी करू शकला व कोणत्या परिस्थितीत करू शकला नाही, याची कारणमीमांसा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन मुख्यत्वे गॅझेटियर, जनगणना, शासकीय कायदे व प्रकाशित संशोधन या दुय्यम साधनांवर आधारित आहे. जिल्ह्यातील सर्व लघुव्यवसायांचा परामर्श घेणे हा हेतू नाही. परस्परांशी तुलना करता येईल अशी तीनच उदाहरणे निवडली आहेत.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा पट्टा सोडला तर जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत मोडतो. उत्तरेकडील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागाला गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्यांच्या पाण्याचा आधार मिळाला. दक्षिणेकडील पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके मात्र दीर्घकाळ अवर्षणग्रस्त राहिले. शेती बेभरवशाची असल्याने पूरक धंद्यावाचून येथील कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण होते. जिल्ह्यातील लघुव्यवसायांचा इतिहास हा या निर्वाहाच्या गरजेतून घडलेला आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहा याने भिंगारजवळ नगर शहर वसविले. राजधानी, लष्कर व दरबार यांच्या आश्रयाने येथे विविध कारागीर स्थिरावले. १८०३ मध्ये नगरचा किल्ला इंग्रजांनी जिंकला आणि पेशवाईच्या अस्तानंतर जिल्हा त्यांच्या अमलाखाली आला. दरबारी आश्रय संपला, तरी कारागिरी संपली नाही. आता तिचा ग्राहक खेड्यातील शेतकरी कुटुंब हा होता. शेतकरी स्त्रीचे लुगडे, पुरुषाचे पागोटे, घरातील तांब्या-पितळेची भांडी या वस्तूंची मागणी आठवडे बाजारांतून व यात्रांतून टिकून राहिली. मुंबई इलाख्याच्या १८८४ च्या गॅझेटियरमध्ये नगर, भिंगार, संगमनेर आदी ठिकाणच्या विणकामाची तसेच नगरच्या भांड्यांच्या धंद्याची नोंद आढळते.

राजाश्रय आणि विणकाम यांच्या नात्याचे एक उदाहरण जिल्ह्याच्या नव्या नावाशीच जोडलेले आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनी महेश्वर येथे विणकरांना आश्रय दिला आणि तेथील विणकाम नावारूपास आले. आश्रय म्हणजे केवळ काम मिळणे नव्हते. मालाला निश्चित ग्राहक व कारागिराला संकटकाळी आधार मिळणे, असा त्याचा अर्थ होता. इंग्रजी अमलात हा आधार नाहीसा झाला. त्याची जागा कोणी घेतली, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

हातमाग : काम होते, पत नव्हती

एकोणिसाव्या शतकात साळी, कोष्टी व तेलंगणातून स्थलांतरित झालेले पद्मशाली हे नगरमधील प्रमुख विणकर समाज होते. विणकाम हा संपूर्ण कुटुंबाचा धंदा होता. पुरुष मागावर बसे. सूत उकलणे, कांड्या भरणे, ताणा करणे, त्याला खळ देणे ही कामे स्त्रिया व मुले करीत. या कामाचा मोबदला स्वतंत्रपणे मोजला जात नसे. एका लुगड्याच्या मजुरीत चार-पाच जणांचे श्रम सामावलेले असत.

गिरणीच्या कापडामुळे हातमाग बुडाला, हे मत आज अपुरे मानले जाते. धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथात आणि पुढे तीर्थंकर रॉय व डग्लस हेन्स यांच्या संशोधनात या प्रश्नाची अधिक बारकाईने चिकित्सा झालेली आहे. हातसूत मागे पडून गिरणीचे सूत आले, परंतु दख्खनमधील स्त्रिया वापरीत असलेल्या काठापदराच्या लुगड्यांचे विणकाम गिरण्यांना सहजासहजी जमणारे नव्हते. त्यामुळे हातमागाची मागणी टिकली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर गिरणीचे सूत नगरला स्वस्तात येऊ लागले व तयार लुगडी दूरच्या बाजारात जाऊ लागली. धंदा वाढण्यास अनुकूल अशी ही स्थिती होती.

मात्र गिरणीच्या सुताबरोबर विणकराचे परावलंबनही आले. पूर्वी स्थानिक कापूस व घरगुती कताई यांतून मिळणारे सूत आता व्यापाऱ्याकडून विकत घ्यावे लागे. रोख रक्कम नसल्याने ते उधारीवर घेतले जाई आणि तयार लुगडे त्याच व्यापाऱ्याला द्यावे लागे. सुताची किंमत व्यापारी ठरवी, लुगड्याची किंमतही तोच ठरवी. या दोन किमतींमधील फरक म्हणजे विणकराची मजुरी. ती वाढविण्याचे कोणतेही साधन विणकराच्या हाती नव्हते. कालांतराने स्वतःचा माग असलेले अनेक विणकर कारखानदाराच्या मागावर मजूर झाले. लग्नकार्य, आजारपण वा बाळंतपणासाठी घेतलेली उचल फिटेपर्यंत मालक बदलता येत नसे. शेतकऱ्याच्या बाबतीत सावकाराने जे केले, तेच विणकराच्या बाबतीत सूतव्यापाऱ्याने केले.

या तुलनेस ऐतिहासिक आधार आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला सावकारविरोधी उठाव नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व नगर या तालुक्यांत पसरला. सावकारांच्या ताब्यातील कर्जरोखे हस्तगत करून नष्ट करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याच्या कर्जाची किमान दखल घेतली गेली. शहरातील विणकराच्या कर्जासाठी असा स्वतंत्र कायदा झाला नाही. त्याच्याजवळ जमीन नव्हती, गहाणखत नव्हते. त्याचे कर्ज व्यापाऱ्याच्या वहीत होते. रवींद्र कुमार, इयान कॅटनॅक, सुमित गुहा यांच्या अभ्यासांमुळे दख्खनमधील ग्रामीण कर्जाचा इतिहास तपशीलवार उपलब्ध झाला आहे. त्या मानाने कारागिराच्या कर्जाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले.

दुष्काळ आणि विणकर

लघुव्यवसाय हा शेतीच्या संकटात आधार ठरतो, असे समजले जाते. १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांतील अनुभव याच्या उलट होता. विणकराचा ग्राहक शेतकरी असल्याने पीक बुडताच प्रथम लुगड्यांची मागणी थांबे. धान्य महाग होई आणि त्याच वेळी विणकराची कमाई बंद पडे. माल खपत नसल्याने व्यापारी सूत देणे थांबवीत. शेतकऱ्याजवळ थोडेफार धान्य, जनावरे वा गहाण ठेवण्यास जमीन असे. विणकराजवळ मागाशिवाय काही नसे. अशा रीतीने शेतीवरील संकट विणकराच्या घरी त्याच हंगामात, किंबहुना अधिक तीव्रतेने पोहोचे.

सरकारी दुष्काळी कामे म्हणजे प्रामुख्याने खडी फोडणे, रस्ते व तलाव खोदणे. बारीक सुतावर चालणाऱ्या हातांना हे काम झेपत नसे व त्यामुळे हाताचे कसब बिघडण्याचे भय असे. विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम द्यावे, ही मागणी या परिस्थितीतून पुढे आली. १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूर व नगर येथील विणकरांसाठी अशी योजना लोकमान्य टिळकांनी स्थानिक व्यापाऱ्यांच्या साहाय्याने मांडली होती. मुंबई सरकारने ती स्वीकारली नाही. कारागिराला दानापेक्षा सूत व खात्रीचा ग्राहक यांची गरज आहे, हे या योजनेमागील तत्त्व होते. पुढील शतकातील सर्व प्रयत्नांचे मूल्यमापन याच तत्त्वाच्या आधारे करता येते.

तंत्र आणि सहकार : दोन अपुरे उपाय

विसाव्या शतकाच्या आरंभी विणकराच्या दारिद्र्यावर दोन उपाय पुढे आले. पहिला उपाय तंत्रसुधारणेचा होता. १८३१ पासून नगरमध्ये कार्यरत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने औद्योगिक शिक्षणाची शाळा चालविली. मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी नगर येथे सुधारित हातमाग तयार केला. जलद विणकामामुळे उत्पादन वाढेल आणि पर्यायाने विणकराचे उत्पन्न वाढेल, अशी त्यामागील धारणा होती. धावत्या धोट्याचा प्रसारही या काळात दख्खनमध्ये झाला. उत्पादन वाढले, हे निर्विवाद आहे. तथापि मालाची किंमत व्यापारी ठरवीत असल्याने वाढीव उत्पादनाचा लाभ विणकराकडे पूर्णतः येणे शक्य नव्हते. सुधारित माग घेण्यासाठी पुन्हा भांडवल लागे आणि ते त्याच व्यापाऱ्याकडून उसने घ्यावे लागे.

दुसरा उपाय सहकाराचा होता. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांप्रमाणे विणकरांच्याही सोसायट्या स्थापन झाल्या. घाऊक दराने सूत खरेदी करून सभासदांना देणे हे त्यांचे मुख्य कार्य होते. सुताचा प्रश्न त्यांनी काही अंशी सोडविला, पण तयार लुगडी विकण्याची समर्थ व्यवस्था बहुतेकांना उभारता आली नाही. व्यापारी मंदीच्या दिवसांतही माल घेई, घरच्या अडचणीला उचल देई. सोसायटी यांपैकी काहीच करू शकत नसे. त्यामुळे सभासद पुन्हा व्यापाऱ्याकडे वळत. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ना. म. जोशी यांच्या मुंबई दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांच्या अभ्यासातही कारागिराची पत व विक्री या प्रश्नांचे महत्त्व दिसून येते.

स्वातंत्र्योत्तर काळात हातमागासाठी काही वाण राखून ठेवण्याचे धोरण आखले गेले व १९८५ मध्ये त्याविषयी स्वतंत्र कायदाही झाला. परंतु मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांची स्पर्धा आणि नऊवारी लुगड्याकडून पाचवारी साडीकडे वळलेली मागणी यांमुळे नगरच्या हातमागाचा पाया खचला. व्यवसाय भरभराटीत असताना ज्याच्या हाती काही शिल्लक पडली नाही, तो व्यवसाय खालावल्यावर दुसरा धंदा सुरू करू शकला नाही. हातमागाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची बाब होय.

विडी : घरबसल्या रोजगाराची मर्यादा

विणकर कुटुंबांपुढे जे पर्याय उरले, त्यांत स्त्रियांसाठी विडी वळण्याचे काम प्रमुख होते. नगर शहर, संगमनेर व अकोले ही या धंद्याची केंद्रे बनली. नगर व सोलापूर येथील पद्मशाली समाजात मागावरील पुरुष व विडी वळणारी स्त्री असे चित्र सर्वत्र दिसू लागले. पुढे माग थांबले, तेव्हा अनेक घरांत विडीची मजुरी हेच नियमित उत्पन्न उरले.

विडी उद्योगाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. टेंभुर्णीची पाने विदर्भ व मध्य प्रदेशातील जंगलांतून, तंबाखू निपाणी व गुजरातकडून येतो. कारखान्यातून पाने, तंबाखू व धागा घेऊन स्त्रिया घरी विड्या वळतात आणि तयार विड्या परत देतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाने कमी अथवा खराब निघाली तर तूट कामगाराने भरून काढायची. तपासणीत खराब ठरविलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही. यंत्र, जागा, दिवाबत्ती यांचा खर्च मालकाला करावा लागत नाही. लघुव्यवसायाची सर्व लक्षणे येथे आहेत : अल्प भांडवल, स्थानिक श्रम, घरगुती उत्पादन, स्त्रियांना रोजगार. तरीही दारिद्र्य कमी होण्याची प्रक्रिया येथे मंद राहिली. कारण हातमागावरील विणकराजवळ निदान स्वतःचा माग असे. विडी वळणाऱ्या स्त्रीजवळ केवळ कात्री, सूप आणि हाताचे कसब असते.

या क्षेत्रात जी सुधारणा झाली, ती धंद्याच्या वाढीमुळे नव्हे, तर कामगार संघटना व कायदा यांमुळे झाली. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा, १९७६ चे विडी कामगार कल्याण उपकर व कल्याण निधी कायदे आणि घरी काम करणाऱ्या विडी कामगारांनाही भविष्यनिर्वाह निधीचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निर्णय हे त्यातील महत्त्वाचे टप्पे आहेत. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, मुलांना शिष्यवृत्ती, दवाखान्याची सोय या मार्गांनी विडीकामगार कुटुंबातील पुढच्या पिढीला शिक्षणाची वाट थोडीफार मोकळी झाली. ज्या स्त्रीचे नाव मालकाच्या नोंदवहीत नाही, तिला मात्र हे लाभ मिळविणे दुरापास्त ठरते. तंबाखूच्या धुळीमुळे होणारे आजार आणि घटती मागणी यांचा विचार करता हा व्यवसाय भविष्याचा आधार होऊ शकत नाही, हेही स्पष्ट आहे.

सहकाराचा नवा टप्पा

हातमागाच्या सोसायट्यांना जे जमले नाही, ते जिल्ह्याच्या उत्तर भागात शेतीच्या क्षेत्रात घडले. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरा खोऱ्यात ऊस वाढला होता, परंतु साखर व गुळाच्या बाजारावर लहान शेतकऱ्याचे नियंत्रण नव्हते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावपातळीवरील सहकारी पतपुरवठ्यापासून सुरुवात करून शेतकऱ्यांना संघटित केले. धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या सहकार्याने प्रवरानगर येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. गाडगीळ हे या कारखान्याचे अध्यक्ष होते.

गाडगीळांची ही भूमिका येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. ज्या गोखले संस्थेने कारागिराच्या परावलंबनाचा अभ्यास केला, तिचेच संचालक प्रवरेच्या प्रयोगाचे मार्गदर्शक होते. उत्पादकाला केवळ कर्ज देऊन भागत नाही. पत, प्रक्रिया व विक्री या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफल्या पाहिजेत, हे सूत्र येथे प्रत्यक्षात आले. सभासदाला पीककर्ज मिळे, त्याची वसुली उसाच्या बिलातून होई आणि साखरेच्या भावातील वाटा सभासदाकडे परत येई. कारखान्याभोवती दुरुस्तीच्या कार्यशाळा, किराणा दुकाने, खानावळी, वाहतूक, लोहारकाम, सुतारकाम असे असंख्य छोटे व्यवसाय वाढले, शाळा व महाविद्यालये निघाली.

या यशाला मर्यादाही होत्या. त्याचा लाभ ज्यांच्याकडे जमीन व कालव्याचे पाणी होते त्यांना प्रामुख्याने झाला. ऊसतोडणी करणारा मजूर मुकादमाकडून उचल घेऊनच येत राहिला. त्यात नगर जिल्ह्याच्याच पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातील व शेजारच्या बीड जिल्ह्यातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. एकाच जिल्ह्यात सभासदासाठी सहकार आणि मजुरासाठी जुनी उचल अशा दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदल्या.

दूध : कोरडवाहू शेतकऱ्याचा जोडधंदा

कालव्याच्या बाहेरील शेतकऱ्याला आधार दिला तो दुधाने. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने संकरित गाईंच्या पैदाशीसाठी कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने संकरित गोपैदाशीचे संशोधन केले. १९७२ च्या दुष्काळानंतर केवळ पिकावर विसंबून राहणे शक्य नाही, हे लहान शेतकऱ्याने जाणले होते. संगमनेर, राहाता, अकोले, पारनेर आदी तालुक्यांत गावोगाव दूध संस्था निघाल्या. लोणी, काष्टी, घोडेगाव येथील जनावरांच्या बाजारांना नवे महत्त्व आले.

हातमाग व विडी यांच्या तुलनेत दूध व्यवसायाची रचना वेगळी आहे. गाय ही उत्पादकाच्या मालकीची असते. चाऱ्याचा काही भाग घरच्या शेतात पिकतो. दुधाचे माप व प्रत दररोज नोंदली जाते आणि ठरावीक दिवसांनी रक्कम हाती येते. नगरकडील शेतकरी या रकमेला ‘दुधाचा पगार’ म्हणतात. या शब्दातच नियमित उत्पन्नाची किंमत व्यक्त होते. किराणा, शाळेची फी, दवाखाना यांसाठी सावकाराकडे जाण्याची गरज त्यामुळे कमी झाली. मात्र गोठ्यातील बहुतांश काम स्त्रिया करीत असताना संस्थेचे सभासदत्व व खाते पुरुषाच्या नावे असणे, ही विसंगती दीर्घकाळ टिकून राहिली.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव या संदर्भात सर्वपरिचित आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर ग्रामसभेने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, पाणलोट विकास आणि पाण्याचा ताळेबंद यांचा अवलंब केला. आदर्श गाव योजनेची साथ मिळाली. अधिक पाणी लागणाऱ्या पिकांवर व सिंचनासाठीच्या विंधन विहिरींवर बंधने घालण्यात आली. गवत वाढले, त्यामुळे जनावरे वाढली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास दररोज सुमारे १५० लिटर असलेले दूध पुढे ४,००० लिटरपर्यंत गेले. १९९२ मध्ये गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ही संख्या ३ वर आली. रोजगारासाठी बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. येथे एखादा नवा उद्योग बाहेरून आला नाही. गवत व पाणी हा दूध व्यवसायाचा कच्चा माल ग्रामसभेच्या नियंत्रणाखाली आला, हे या परिवर्तनाचे मर्म आहे.

तथापि कच्च्या मालावर नियंत्रण आले तरी भावावर नियंत्रण येतेच असे नाही. जून २०१७ मध्ये राहाता तालुक्यातील पुणतांबे येथून सुरू झालेल्या शेतकरी संपात शेतमाल व दुधाच्या भावाचा प्रश्न ऐरणीवर आला. २०२४ मध्ये राज्य शासनाला गाईच्या दुधासाठी प्रतिलिटर ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले. पशुखाद्य महाग आणि दूध स्वस्त अशा काळात दूध उत्पादकाची स्थिती सूत महाग व लुगडे स्वस्त अशा कात्रीत सापडलेल्या विणकरासारखी होते. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहतो.

पतव्यवस्था : आधार आणि जोखीम

लहान व्यावसायिकाला सावकारापासून मुक्त करण्यात नागरी सहकारी बँका, पतसंस्था व बचत गट यांचा वाटा मोठा आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केलेली बचत गट-बँक जोडणी यांमुळे ग्रामीण स्त्रीला प्रथमच स्वतःच्या नावे पत मिळू लागली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचे जतन केले, ते महिलांच्या सामूहिक कार्याशी जोडले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरीकडे, पतसंस्थेचा कारभार सभासदाच्या नियंत्रणाबाहेर गेल्यास तीच संस्था लहान माणसाच्या बचतीला धोका ठरते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना पुरेसे भांडवल व उत्पन्नक्षमता नसल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. विमा संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना होते. शतकभर लहान व्यापारी व कारागीर यांच्याशी निगडित असलेली संस्था अशी बंद होणे, ही केवळ बँकिंग क्षेत्रातील घटना नाही. पतसंस्था निर्माण करण्याइतकेच तिच्यावर सभासदांची देखरेख टिकविणे महत्त्वाचे आहे, असा तिचा अर्थ आहे.

निष्कर्ष

१) नगर जिल्ह्यातील लघुव्यवसायांनी सर्वच काळात मोठ्या प्रमाणावर रोजगार दिला. परंतु रोजगाराचे प्रमाण व दारिद्र्य कमी होण्याचे प्रमाण यांत थेट संबंध आढळत नाही.

२) पत, कच्चा माल व बाजारपेठ यांपैकी किमान दोन बाबींवर उत्पादकाचे वा त्याच्या संस्थेचे नियंत्रण असेल, तेव्हाच व्यवसायातील वाढ कुटुंबाच्या शिलकीत उतरलेली दिसते. हातमागावरील विणकराला यांपैकी एकही बाब लाभली नाही. प्रवरेच्या ऊस उत्पादकाला तिन्ही लाभल्या. हिवरे बाजारच्या दूध उत्पादकाला कच्चा माल व पत लाभली. भाव अद्याप त्याच्या हाती नाही.

३) तंत्रसुधारणा आवश्यक असली तरी एकटी पुरेशी नाही. सुधारित मागाने उत्पादन वाढविले, पण त्याच्या लाभाची वाटणी बदलली नाही.

४) विडीसारख्या घरगुती उद्योगात मालकी कामगाराकडे येण्याचा मार्ग उपलब्ध नसल्याने तेथे दारिद्र्यनिवारणाचे साधन कामगार कायदा व सामाजिक सुरक्षा हेच राहते. अशा कामगार स्त्रियांना ‘स्वयंरोजगारित’ म्हणून गणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

५) शेतीशी जोडलेला लघुव्यवसाय दुष्काळात आपोआप आधार ठरत नाही, ग्राहकही शेतकरीच असेल तर दोन्ही एकाच वेळी कोसळतात. म्हणून बाजारपेठ जिल्ह्याबाहेरही असणे व पाण्याचे सामूहिक नियोजन होणे अगत्याचे आहे.

समारोप

१८९७ मध्ये विणकरांसाठी जी मागणी केली गेली, तिचा आशय कारागिराला त्याच्याच कामातून सन्मानाने जगता यावे हा होता. आजच्या योजनांमध्ये कर्जाची रक्कम, प्रशिक्षणाचे दिवस व नोंदणी केलेल्या उपक्रमांची संख्या यांची नोंद ठेवली जाते. कच्चा माल कोणाकडून घेतला, तयार माल कोणाला व कोणत्या भावाने विकला आणि वर्षअखेर कुटुंबाजवळ काय उरले, या प्रश्नांना त्या नोंदीत स्थान मिळणे गरजेचे आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी हातमागाच्या अखेरच्या पिढीतील विणकर व विडी कामगार स्त्रिया यांच्या मौखिक नोंदी एकत्रितपणे संकलित केल्यास या इतिहासातील मोठी उणीव भरून निघेल. हे साक्षीदार वृद्ध झाले असून व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्याही नष्ट होत आहेत. त्यामुळे हे काम फार काळ पुढे ढकलता येणार नाही.